घराशरदन

मी पानं लावत असलेल्या एका कादंबरीच्या तिसऱ्या प्रुफात, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेल्या प्रतीत, पान ६१ वर एक वाक्य होतं: ‘पाऊस थांबल्यावर ती घराशरदन बाहेर पडली.’ मी ते वाचलं, पुढे गेले, चार ओळी खाली थबकले आणि मागे आले. घराशरदन. आधी वाटलं, बोलीतला एखादा शब्द असेल. कादंबरीत बोलीतले संवाद भरपूर होते आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं. मग पान ६४ वर ‘शरदनशरदन वीज चमकत होती’ भेटलं आणि पोटात गोळा आला.

झालं होतं असं. दुसरं प्रूफ परत आल्यावर लेखिकाबाईंचा फोन आला. नायकाच्या धाकट्या भावाचं नाव मधू, ते बदलून शरद करायचं होतं. कारण घरगुती होतं, मी विचारलं नाही. ‘शोधा आणि बदला’च्या खिडकीत वर ‘मधू’ लिहिलं, खाली ‘शरद’, आणि ‘सगळे बदला’ दाबलं. सहाशे पस्तीस बदल झाल्याचा आकडा पडद्यावर आला. मला चक्क अभिमान वाटला. सहाशे पस्तीस दुरुस्त्या, दोन सेकंदांत! आता त्या आकड्याकडे बघून लक्षात यायला हवं होतं की धाकटा भाऊ काही इतक्या वेळा कादंबरीत येत नाही. ‘मधून’ या शब्दात ‘मधू’ आहे हे शाळेतलं पोरही सांगेल. डोळ्यांमधून, गावामधून, त्यामधूनच, मधूनमधून, सगळीकडे शरद घुसला होता.

ठीक, उलट फिरवू, म्हणून वर ‘शरदन’ लिहिलं, खाली ‘मधून’, आणि बोट बटणावर असतानाच पान ७० वर ‘शरदने’ दिसलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक आता अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, मात्रा हे वेगळं चिन्ह आहे. आपल्याला ‘ने’ हे एक अक्षर दिसतं, संगणकाला ‘न’ आणि त्यापुढे मात्रा. म्हणजे ‘शरदने’च्या पोटात ‘शरदन’ आहेच. संवादांतल्या ‘शरदनं’च्याही. उलट फिरवलं असतं तर जिथे जिथे शरदने काही केलं होतं तिथे पुन्हा मधू परतला असता.

बरं, ‘फक्त पूर्ण शब्द शोधा’ अशी खूण असते, ती केली असती तर? मग ‘मधूला’, ‘मधूचा’, ‘मधूशी’ हे सगळे सुटले असते. आपल्याकडे नाव एकटं क्वचितच फिरतं, विभक्तीला चिकटूनच फिरतं. शेवटी एकेक जागा बघत, ‘पुढचं’, ‘पुढचं’ करत त्र्याण्णव ठिकाणं हाताने परतवली. एक अख्खी संध्याकाळ गेली. तरी आठव्या प्रकरणात शरद आणि मधु एकमेकांशेजारी बसून बोलत होते, कारण नऊ ठिकाणी लेखिकाबाईंनी नाव ऱ्हस्व टाइप केलं होतं आणि ते माझ्या जाळ्यात आलंच नव्हतं.

हे माझ्या पहिल्या मांडणीच्या कामात घडलं. त्याआधी नऊ वर्षं मी फक्त मुद्रितशोधन करत होते. दुसऱ्याने लावलेली पानं माझ्याकडे यायची, मी ती लाल शाईने रंगवून परत पाठवायची. समासात खूण केली की माझ्या लेखी ती चूक मेली. पलीकडे कुणीतरी ती दुरुस्त करतं, त्या दुरुस्तीने ओळ हलते, ओळीने परिच्छेद हलतो, परिच्छेदाने पान हलतं, हे मला ऐकून माहीत होतं. पोहणं जसं ऐकून माहीत असतं तसं.

मांडणी शिकायची हौस होती म्हणून एका कादंबरीचं दोन्ही काम अंगावर घेतलं, लावायचंही मीच आणि वाचायचंही मीच. खरं तर ज्याने पान लावलं त्याने त्याचं प्रूफ वाचू नये, असा साधा दंडक आहे. आपण काय लिहायला हवं होतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे डोळा तेच वाचतो. म्हणून मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांना दुसरं प्रूफ बघायची गळ घातली. ते म्हणाले, “बघतो. पण लावताना मला विचारत बसू नकोस, मला त्या यंत्रातलं काही कळत नाही.” हे अर्धसत्य होतं. त्यांनी तरुणपणी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले होते, आणि पान कसं बसतं हे त्यांना माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कळत होतं.

मजकूर आला तो युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांच्या अंगावर देवनागरीचे कपडे चढवलेले असतात. शिवाय ती दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, आधी वेलांटी आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवतात, आधी अक्षर मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलटं: जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये आधी. परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारा प्रोग्रॅम, चालवला की तो वेलांटी मागे ढकलतो आणि रफार पुढे ओढतो. दोन्ही एकाच अक्षरावर असले की त्याची तारांबळ उडते. ‘आर्थिक’चं ‘आथिर्क’, ‘वार्षिक’चं ‘वाषिर्क’, ‘मार्मिक’चं ‘मामिर्क’. इतकी वर्षं हे शब्द मी प्रुफांत दुरुस्त करत आले होते आणि टाइप करणाऱ्याला मनातल्या मनात बोल लावत आले होते. त्या बिचाऱ्याने बरोबरच टाइप केलं होतं. एकगठ्ठा बदलायचं म्हटलं तर ‘निर्णय’, ‘निर्मळ’, ‘मिरची’ ऐवजी लेखिकेने लिहिलेली ‘मिर्ची’, या सगळ्यांत वेलांटीपुढे रफार असतोच आणि तो रास्त असतो. म्हणजे इथेही एकेक जागा बघणं आलं.

विसर्गाची गंमत वेगळी. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’, ‘निःशब्द’ हे सगळं अपूर्णविरामाची दोन टिंबं वापरून टाइप केलेलं होतं. पडद्यावर काही फरक दिसत नाही. पण ‘दुःख’ शोधलं तर एकही सापडत नाही, आणि फॉन्ट बदलला की ती टिंबं भलत्याच उंचीवर जाऊन बसतात. शब्दाच्या मधली टिंबं एकदम बदलता आली. शब्दाच्या शेवटची नाही, कारण ‘स्वतः’ आणि ‘ती म्हणाली:’ यांतला फरक यंत्राला कळत नाही. डोळे झाकून बदलता आली अशी एकच गोष्ट निघाली: ‘ध्द’चं ‘द्ध’. शुध्द, युध्द, बुध्दी, प्रसिध्द. ‘ध’ला ‘द’ जोडलेला खरा मराठी शब्द मला अजून भेटलेला नाही.

आता पान. आकार डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच. एका इंचात ७२ पॉइंट, म्हणजे पान ३९६ बाय ६१२ पॉइंटांचं. आतला समास ५८, बाहेरचा ५०, मधे उरली ओळीची लांबी २८८ पॉइंट, बरोबर चार इंच. आतला समास मोठा, कारण पुस्तक शिवलं की काही मिलिमीटर कण्यात गडप होतात. नवशिके इथेच फसतात; पडद्यावर दोन्ही समास सारखे छान दिसतात आणि छापून आलं की वाचकाला पुस्तक फाकवून ओळीची सुरुवात शोधावी लागते.

बारा पॉइंटचं अक्षर ठरवलं. ओळींमधलं अंतर आधी साडेचौदा ठेवलं, कारण एका इंग्रजी पुस्तकात ते छान दिसलं होतं. नमुन्याची चार पानं छापून काढली आणि बघवेनात. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. वरच्या ओळीतला ‘कृष्ण’ आणि खालच्या ओळीतला ‘मैत्री’ एकमेकांना टेकायला आले होते. १७ केलं तेव्हा पान श्वास घ्यायला लागलं. पानावर तीस ओळी, ३० गुणिले १७ म्हणजे ५१०, उरलेल्या १०२ पॉइंटांत वरचा समास, खालचा समास आणि पृष्ठांक. हा गुणाकार मी कागदावर केला आणि मला तो अजून आवडतो. पुढच्या सगळ्या मारामारीत ती तीस ओळींची चौकट एकदाही हलली नाही.

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ओतला तेव्हा सगळ्या वेलांट्या चुकीच्या बाजूला. घाबरून परिवर्तकाला शिव्या दिल्या. त्याचा दोष नव्हता. ओळी जुळवणारा जो मूळचा ‘कंपोझर’ असतो त्याला भारतीय लिप्या जोडता येत नाहीत, परिच्छेदाच्या शैलीत जाऊन ‘वर्ल्ड-रेडी’ निवडावा लागतो. तिथेच भाषाही ‘मराठी’ निवडायची. याचं कारण मला फार उशिरा कळलं. फॉन्टात सोय असेल तर भाषेप्रमाणे ‘ल’ आणि ‘श’ बदलतात. मराठीत देठाचा ‘श’ आणि पाकळीदार ‘ल’ आपल्या सवयीचे, हिंदीत ते वेगळे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णलेखनाचा निर्णय काढला त्यातही मराठी वळणाचाच आग्रह आहे. माझ्या पुस्तकात पान ११२ पासूनचं प्रकरण वाचताना कसंतरी होत होतं. मजकूर तोच, माणसं तीच, पण कुणीतरी परक्याने सांगितल्यासारखं. दोन दिवसांनी उमगलं की त्या प्रकरणाला भाषा हिंदी लागली होती, आणि प्रत्येक ‘ल’ परका होता. चूक म्हणावी तर एकही नव्हती.

दोन्ही बाजू सरळ रेषेत आणताना, म्हणजे जस्टिफाय करताना, यंत्र दोन युक्त्या करतं: शब्दांमधली जागा ताणतं, आणि नाहीच जमलं तर अक्षरांमधली. रोमनमध्ये दुसरी युक्ती थोडी खपून जाते. देवनागरीत अक्षरांमधली जागा ताणली की शिरोरेषा तुटते आणि शब्द चिरफळ्या उडाल्यासारखा दिसतो. म्हणून ती मोकळीक शून्यावर आणली. मग सगळा ताण शब्दांमधल्या जागेवर आला. आपल्याकडे ‘स्वातंत्र्यपूर्वकाळातल्यासारखा’ असा एखादा शब्द ओळीच्या टोकाशी आला आणि मावला नाही तर तो सबंध खालच्या ओळीत जातो आणि वरची ओळ दात पडल्यासारखी दिसते. अशा ओळींवर इलाज नाही, जागच्या जागी बघून ठरवावं लागतं. कधी दोन ओळी वर एखादा शब्द आवळून घ्यायचा, कधी लेखिकेला विचारून शब्दांचा क्रम बदलायचा. मी एकदा न विचारता बदलला. त्याबद्दल बोलणी खाल्ली, आणि ती रास्त होती.

पहिलं प्रूफ कागदावर काढलं. पडद्यावर प्रूफ वाचता येतं असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मला येत नाही. सरांची सवय अशी की गठ्ठा हातात आला की आधी पान उलटं धरायचं, खालचं वर. खिळ्यांच्या काळी जुळाऱ्याला उलटी अक्षरंच वाचायची सवय, ती हातात राहिली असावी असं मी समजत होते. मी करून बघितलं तेव्हा कळलं. उलट्या पानावर अर्थ लागत नाही, म्हणून डोळा वाचायचं सोडून बघायला लागतो. शब्दांमधल्या पांढऱ्या जागा एकीखाली एक येऊन झालेले ओहोळ दिसतात, एखादा परिच्छेद शेजाऱ्यापेक्षा काळा दिसतो (तिथे फॉन्ट ठळक झालेला असतो किंवा ओळी आवळलेल्या असतात), पानाच्या डोक्यावर लोंबकळणारी परिच्छेदाची शेवटची अर्धी ओळ दिसते. २०० पानं अशी बघायला पाऊण तास लागतो.

वाचनाच्या फेऱ्या त्यानंतर. एका फेरीत एकच गोष्ट. फक्त प्रकरणांची शीर्षकं आणि अनुक्रमणिका. फक्त पृष्ठांक आणि पानाच्या माथ्यावरचं नाव. फक्त अवतरणचिन्हं, उघडलेलं प्रत्येक बंद झालंय का. मग मूळ प्रत घेऊन ताडून वाचणं, त्याला दुसरा माणूस लागतो: एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून चालायचं. माझी बहीण तीन रात्री बसली. ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ म्हणून म्हणून तिचा घसा बसला, आणि वीस पानांनंतर तिला गोष्टीत रस निर्माण झाला तेव्हा ती चिन्हं गाळायला लागली. तेही मला पुढच्या प्रुफात कळलं.

शुद्धलेखनावर मी फार लिहीत नाही, ते माझं जुनं दुकान. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली, एकूण अठरा. ते पाठ असले तरी पुरत नाहीत. महत्त्व, तत्त्व, सत्त्व यांत दोन ‘त’ आणि नेतृत्व, कर्तृत्व यांत एकच. उज्ज्वल आणि तज्ज्ञ यांतली जोडाक्षरं. वाङ्मयातला ‘ङ’ जो निम्म्या फाइलींत टिंब खाऊन ‘ड’ होऊन येतो. आचार्यांना वाढलं की आचाऱ्यांना, दर्यात उडी मारली की दऱ्यांत, हे तर कुठल्याच यंत्राला कळणार नाही, दोन्ही शब्द बरोबर आहेत. मी एक वही केली, त्यात या पुस्तकापुरते निर्णय लिहिले: ‘इथे’ की ‘येथे’, ‘पाहिजे’चं संवादात ‘पायजे’ ठेवायचं की नाही, आकडे अक्षरी कधी. म्हातारी ‘पाह्यलं’ म्हणते आणि तिचा शिकलेला नातू ‘पाहिलं’. पहिल्या प्रुफात मी म्हातारीलाही शुद्ध करून ठेवलं होतं. लेखिकाबाईंनी समासात लिहिलं, “ही माझी म्हातारी नाही.” तिच्या तोंडचे एकूण एक शब्द परत बिघडवताना दोन दिवस गेले आणि त्या बिघडवण्यात मी नातवालाही एका ठिकाणी बिघडवला.

या कामातलं माझं खरं शिक्षण इथे सुरू झालं. सरांनी दुसरं प्रूफ परत दिलं. त्यांच्या खुणा लाल आणि निळ्या अशा दोन शायांत होत्या: लाल म्हणजे लावणाऱ्याची चूक, निळी म्हणजे लेखकाचा बदल. मी मोजायला लागले. लाल खुणा एकशे अठरा. त्यांतल्या फार थोड्या पहिल्या प्रुफातून सुटलेल्या होत्या. बाकीच्या पहिल्या प्रुफात नव्हत्याच! मी दुरुस्त्या करताना त्या तयार झाल्या होत्या. ‘असंत’ हा शब्द ‘असतं’ करताना पुढची मोकळी जागा खाल्लेली, म्हणून ‘असतंम्हणून’. एका ओळीत शब्द घातला, परिच्छेद एका ओळीने वाढला, पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर गेली, आणि तिथली तळटीप तिच्या खुणेपासून तुटून मागच्या पानावर राहिली. एक स्वल्पविराम काढायचा होता, मी शेजारचा काढला. पान १३७ च्या समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, “या वेळी झोप झाली नव्हती का?” नव्हती. ते पान रात्री दीडला केलं होतं.

मी त्यांना विचारलं, खिळ्यांच्या काळात असं व्हायचं का. व्हायचं, म्हणाले, पण कळायचं. ओळीत एक शब्द घालायचा तर जागा करायला शेवटचा शब्द उचलून खालच्या ओळीत टाकायचा, तिच्यातला शेवटचा त्याच्या खालच्या, असं परिच्छेद संपेपर्यंत हाताने करायचं. “काय काय हललं ते बोटांना माहीत असायचं. तुझ्या यंत्रात सगळं गुपचूप हलतं.”

तेव्हापासून पद्धत बदलली. दुरुस्ती केली की तो शब्द बरोबर झाला का हे बघायचं, पण तिथेच थांबायचं नाही. त्या ओळीपासून परिच्छेदाच्या शेवटापर्यंत प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा शब्द जुन्या प्रुफाशी ताडायचा. जिथे दोन्ही सारखे तिथून पुढे काही हललेलं नाही. परिच्छेद वाढला किंवा घटला असेल तर पानाची पहिली आणि शेवटची ओळ, आणि प्रकरण संपेपर्यंत तसंच. दोन पानं जोडून खिडकीच्या काचेवर उजेडात धरली की हा फरक पटकन दिसतो. दुरुस्त्याही मी पुस्तकाच्या मागून पुढे करायला लागले, शेवटच्या पानापासून. पुढून केल्या तर पान हलत जातं आणि कागदावरच्या खुणेची जागा पडद्यावर सापडत नाही, मागून केल्या तर न केलेल्या भागाला धक्का लागत नाही. इतकी साधी गोष्ट मला नऊ वर्षांत कुणी सांगितली नव्हती, कारण मी कधी दुरुस्ती केलीच नव्हती. खुणा केल्या होत्या.

आणि एवढं शिकून झाल्यावर शरदचा तो प्रकार केला, तोही तिसऱ्या प्रुफाआधी. एक दुरुस्ती असती तर ताडून बघितली असती. सहाशे पस्तीस होत्या म्हणून बघितल्या नाहीत. त्यात ‘मधू’पेक्षा ‘शरद’ एका अक्षराने लांब, त्यामुळे जवळपास प्रत्येक पानावर कुठे ना कुठे ओळ तुटण्याची जागा बदलली होती. तिसरं प्रूफ म्हणजे नव्याने पहिलंच झालं.

सगळं धरून पानं भरली २०३. छपाईचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट, सोळा पानांचा, बारा फॉर्म म्हणजे १९२, तेरा म्हणजे २०८. अर्धा फॉर्म धरला तर २००. तीन पानं आवळून २०० मध्ये बसवायचा मोह झाला, दोन संध्याकाळी त्यात घालवल्याही, पण तीस ओळींच्या चौकटीत एकतिसावी कोंबायला मन होईना. २०८ ठरलं. सुरुवातीला फक्त नावाचं एक पान घातलं, त्याची मागची बाजू कोरी, आणि शेवटी तीन कोरी. सुरुवातीला दोन पानं वाढल्याबरोबर सगळे पृष्ठांक दोनाने पुढे सरकले आणि मी हाताने टाइप केलेली अनुक्रमणिका संपूर्ण खोटी ठरली. तेव्हा कुठे अनुक्रमणिका शीर्षकांच्या शैलीवरून आपोआप काढायला शिकले.

फाइल सोडण्याआधी रंगांची यादी उघडली, तर तिथे मी न केलेला एक रंग बसलेला. नावाची सुरुवात ‘वर्ड’ने. लेखिकाबाईंनी नंतर पाठवलेले चार परिच्छेद वर्डमधून थेट चिकटवले होते, त्यांचा काळा हा पडद्याचा काळा होता, छपाईचा नव्हे. आतली पानं एका रंगात छापायची होती. असा काळा छपाईला गेला तर तो शंभर टक्के काळा न राहता थोडा करडा होतो, आणि करडं छापायचं म्हणजे ठिपके. अक्षराच्या कडा कुरतडल्यासारख्या येतात. सबंध पुस्तकात तेवढेच चार परिच्छेद अंधूक निघाले असते आणि वाचकाला कारण कधी कळलं नसतं. तो रंग काढून सगळं निखळ काळ्यावर आणलं. मुखपृष्ठाला कडेने तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र सोडलं, कण्याची जाडी काढली: १०४ कागद, एकेकाची जाडी ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०.४. त्यावर नाव बसवलं.

छपाईची प्लेट निघायच्या आदल्या दिवशी लेखिकाबाईंचा पुन्हा फोन. अर्पणपत्रिकेत ‘आईस,’ असं आहे, तो स्वल्पविराम काढता येईल का. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “काढ की. ते पान स्वतंत्र आहे, त्याने पुढचं काय हलणार?” खरंच होतं. मी तो काढला, नवी पीडीएफ केली, कालची पीडीएफ शेजारी उघडली आणि पान १ पासून प्रत्येक पानाची पहिली आणि शेवटची ओळ ताडत गेले. पावणेदोन तास लागले. काही हललं नव्हतं. फाइल पाठवली आणि झोपले.